करवंदाच्या जागी जांभूळ

एका डोंगराच्या दोन्ही अंगांना उतरत गेलेल्या जंगलात एक भृंगराज राहत असे. मुलांनो, भृंगराज हा काळाभोर, तकतकीत पक्षी. त्याच्या शेपटीची दोन पिसे तारेसारखी लांब असतात आणि त्यांच्या टोकांना एकेक पान लटकवल्यासारखे दिसते. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याची नक्कल. शिक्र्याची शीळ, सुतार पक्ष्याची टकटक, चितळाची धोक्याची हाक, जे ऐकेल ते तो हुबेहूब म्हणून दाखवी. या भृंगराजाला आणखी एक खोड होती. त्याला प्रश्न फार पडत. मुंग्या एकाच रांगेत का जातात? साग पाने गाळतो, मग शेजारचे जांभळाचे झाड हिरवे कसे? प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत त्याला खाणे गोड लागत नसे.

डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर एक दयाळ राहत असे. काळापांढरा, शेपटी उभारून बसणारा, कामापुरते बोलणारा पक्षी. त्याने तीन उन्हाळे खपून एक गाणे रचले होते. रोज सकाळी तो डोंगरभर फिरून एकेका पाणवठ्याशी बसे. कोणत्या झाडाला काय आले म्हणजे कोणते पाणी संपते, हे तो नीट पाहून ठेवी. मग त्याचे कडवे करी. एकेका शब्दासाठी चार चार दिवस गप्प बसे. पूर्व उतारावरचे सगळे प्राणी उन्हाळ्यात त्या गाण्याच्या भरवशावर राहत. त्यातले पश्चिम उताराचे कडवे असे होते :

पळस फुलला, ओढा आटला,
उंबराखालचा डोह गाठा;
करवंद पिकलं, डोह संपला,
काळ्या कपारीच्या धरा वाटा.

एका हिवाळ्यात भृंगराज फिरत फिरत पूर्वेकडे गेला आणि त्याने हे गाणे ऐकले. ऐकताच तो फांदीवर थबकला. साध्या चार ओळींत सबंध उन्हाळा कसा मावला, याचेच त्याला नवल वाटले. दोन सकाळी ऐकून त्याने सगळी कडवी पाठ केली आणि ती घोळवत तो पश्चिमेकडे आपल्या झाडावर परतला.

त्याच झाडावर एक कावळा राहत असे. त्याने गुणगुणणे ऐकले आणि विचारले, "कोणाचं रे हे गाणं? झकास आहे."

"पूर्वेकडच्या दयाळाचं. इथल्या हरणांना ऐकवावं असं मनात आहे. त्याला विचारायला हवं का?"

"त्यात विचारायचं काय?" कावळा म्हणाला. "तो उघड्या फांदीवर बसून गातो ना? लपवून तर ठेवलं नाही. त्यावर काही खूण केली आहे का त्यानं? कानावर पडलं ते कानाचं झालं."

भृंगराजाला हे पुरते पटले नाही, पण खोडताही आले नाही. "बरं, पण नाव मात्र मी त्याचंच सांगेन," तो म्हणाला.

"मग तर प्रश्नच मिटला," कावळा म्हणाला आणि पंख साफ करू लागला.

दुसऱ्या दिवसापासून भृंगराज पश्चिम उतारावर ते गाणे म्हणू लागला. चितळांचा एक कळप रोज ऐकायला थांबे. कळपाची म्होरकी एक शहाणी, शांत हरिणी होती. तिने विचारले, "तुझंच का हे गाणं?" तेव्हा भृंगराजाने खरे तेच सांगितले, "माझं नाही. पूर्वेकडच्या दयाळाचं आहे." हरिणीला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. प्रत्येक वेळी गाण्याआधी तो दयाळाचे नाव घेई आणि मगच सूर लावी.

म्हणता म्हणता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. 'करवंद' हा शब्द त्याच्या गळ्यात जरा अडखळे. त्याऐवजी 'जांभूळ' म्हटले तर पहिला सूर छान लांबवता येई. एकदा त्याने सहज 'जांभूळ पिकलं, डोह संपला' असे म्हणून पाहिले. पाडसांनी माना वर केल्या. जांभळे म्हटल्यावर त्यांच्या तोंडाला पाणी सुटले होते. करवंद काय आणि जांभूळ काय, दोन्ही उन्हाळ्यातलीच फळे, असे म्हणून भृंगराजाने पुढे तोच शब्द कायम केला.

उन्हाळा आला. पळस फुलला तसा ओढा आटला. कळप उंबराखालच्या डोहाकाठी आला. गाणे खरे ठरले म्हणून सगळे समाधानात होते. वैशाखात करवंदाच्या जाळ्या काळ्या फळांनी भरून गेल्या, डोहाचे पाणी घोट्याएवढे झाले, तरी कळप हलला नाही. एका तरुण चितळाने शंका काढली, तेव्हा हरिणी म्हणाली, "जांभळं अजून हिरवी आहेत. दयाळानं तीन उन्हाळे पाहून गाणं केलंय. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं." पाच दिवसांत डोहाचा चिखल झाला. मग चिखलालाही भेगा पडल्या.

तेव्हा कुठे कळप काळ्या कपारीकडे निघाला. वाट उभ्या चढाची होती आणि अंगात त्राण नव्हते. दोन पाडसे वाटेत पडली. त्यांना ढुशा देऊन कसेबसे उठवले. कळपातली सर्वांत म्हातारी हरिणी मात्र एका खडकाच्या सावलीला बसली ती बसलीच. म्होरकी तिच्याजवळ उभी राहिली. म्हातारी म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी येते मागून." पण ती आली नाही.

कपारीत पाणी मिळाले. चार दिवसांनी अंगात जोर आल्यावर हरिणी आपला कळप घेऊन डोंगरमाथा ओलांडून पूर्वेकडे गेली. दयाळ तळ्याकाठच्या फांदीवर बसला होता. खाली सांबरे, भेकरे, रानडुकरे पाणी पीत होती. त्या सगळ्यांसमोर हरिणी त्याला म्हणाली, "तुझ्या गाण्यावर विसंबून आमची म्हातारी गेली."

दयाळाला काहीच समजेना. "माझ्या गाण्यावर? मी तर पश्चिमेकडे कधी गायलोच नाही."

"तिथे रोज तुझं नाव घेऊन गातात. जांभूळ पिकेपर्यंत डोहाशी थांबा, हे तूच सांगितलंस ना?"

"जांभूळ असं मी कधीच म्हटलेलं नाही."

"आता सगळेच असं म्हणतात," हरिणी म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता.

तळ्यावरचे प्राणी एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारे रानडुक्कर म्हणाले, "एका कडव्यात चूक असेल, तर दुसऱ्यात नसेल कशावरून?" मुलांनो, विश्वास बसायला तीन उन्हाळे लागले होते, तो उडायला एक सकाळ पुरली. गाण्याप्रमाणे पूर्वेकडच्या प्राण्यांनीही त्याच आठवड्यात तळे सोडून खाली नदीकाठी उतरायला हवे होते. पण आता कोणी उतरायला तयार होईना. दयाळाने दोनदा ते कडवे म्हटले. कोणी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवसापासून तो गायचाच थांबला.

भृंगराज कळपाच्या मागोमाग आला होता. हे सगळे त्याने एका सागावर बसून पाहिले, ऐकले. त्याच्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते. हरणांच्या लेखी तो फक्त निरोप आणणारा होता. कावळाही तिथे आला आणि हळूच म्हणाला, "तू कशाला तोंड उघडतोस? नाव त्याचं, गाणं त्याचं. दोषही त्याचाच."

भृंगराजाचे तिकडे लक्ष नव्हते. त्याला म्हातारी हरिणी आठवत होती. ती गाणे ऐकताना डोळे मिटून घेई. आणि त्याच्या मनात एक प्रश्न काट्यासारखा रुतला होता. मी तर दरवेळी नाव घेतलं, मग चुकलं कुठे? शब्द बदलला ही चूक त्याला कळत होती. पण तेवढीच होती का? शब्द न बदलता गायलो असतो तर चाललं असतं का? त्या दिवशी त्याने एक किडाही खाल्ला नाही.

त्या जंगलात एक म्हातारे शेकरू होते. तांबूस, झुबकेदार शेपटीचे. ते फार बोलत नसे, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देई आणि उत्तर माहीत नसेल तर तसे सांगे. भृंगराज त्याच्याकडे गेला, तेव्हा ते उंच फांदीच्या बेचक्यात काटक्या आणि पाने रचून घरटे बांधत होते.

"शेकरूकाका, गाणं कोणाचं असतं?" भृंगराजाने विचारले.

"जो रचतो त्याचं."

"पण दयाळानं तसं कधी सांगितलं नाही. खूणही केली नाही."

"अंडं घातलं की पक्षीण त्यावर खूण करते का?" शेकरूने काटकी आडवी बसवत विचारले. "रचलं त्या क्षणापासून ते रचणाऱ्याचं. त्यानं ते बोलून दाखवायची गरज नाही."

"तो तर उघड्यावर गातो."

"मी हे घरटंही उघड्यावरच बांधतोय. सगळ्यांनी पाहावं, माझी हरकत नाही. पाहायला दिलं म्हणजे राहायला दिलं असं होत नाही. त्यानं तुला ऐकायला दिलं. दुसरीकडे जाऊन गायला दिलं का?"

भृंगराज म्हणाला, "पण मी त्याचं नाव घेत होतो, काका. स्वतःचं म्हणून कधी मिरवलं नाही."

"ते चांगलंच केलंस. उसनी पिसे लावून मोर झाला नाहीस. पण नाव घेणं वेगळं आणि विचारणं वेगळं. समज, मी तुझ्या ढोलीतली अंडी उचलून नेली आणि रानभर सांगत सुटलो, 'ही भृंगराजाची बरं का,' तर तुला बरं वाटेल?"

"आमची अंडी ढोलीत नसतात, फांदीच्या टोकाशी असतात," भृंगराज म्हणाला. प्रश्न कितीही मोठा असला तरी चुकीची माहिती त्याला सहन होत नसे.

"बरं, फांदीच्या टोकाशी. मुद्दा तोच."

भृंगराज शेपटीची पिसे हलवत राहिला. मग त्याला नवाच प्रश्न सुचला. "म्हणजे डोह कुठे आहे, कपार कुठे आहे, हेही मी आता कोणाला सांगायचं नाही?"

शेकरूने काम थांबवले. हा प्रश्न त्याला आवडलेला दिसला. "सांग की. हजारदा सांग. डोह काही दयाळानं खणला नाही. घरटं कसं बांधायचं ही विद्या सगळ्या शेकरांची आहे, मी कोणाला अडवत नाही. पण हे माझं घरटं माझं आहे. तसंच पाणी कुठे आहे ही गोष्ट सगळ्यांची. ती त्यानं ज्या शब्दांत, ज्या सुरांत बांधली, ते बांधकाम त्याचं."

"आणि पिलांना निजवायचं ते गाणं? 'नीज रे पाना' म्हणतात ते? ते तर सगळेच गातात. कोणी कोणाला विचारत नाही."

"ते कोणी रचलं हे माझ्या आजीच्या आजीलाही माहीत नव्हतं. रचणारा जाऊन किती पिढ्या लोटल्या. असं जुनं झालेलं गाणं सगळ्या रानाचं होतं. दयाळ तर अजून त्या फांदीवर बसलाय."

मुलांनो, माणसांच्या जगातही असेच आहे. तिथे या हक्काला कॉपीराइट म्हणतात. आपल्या देशात गाणे लिहिणारा गेल्यावरही साठ वर्षे त्याच्या गाण्यावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो, आणि मगच ते सर्वांचे होते. शेकरूला वर्षे मोजता येत नव्हती, पण गोष्टीचे मर्म त्याला ठाऊक होते.

"मी एकटाच असताना, कोणी ऐकत नसताना गुणगुणलो तर?" भृंगराजाने विचारले.

"त्याला कोण नाही म्हणेल?"

"आणि एखादी ओळ कोणाला समजावून सांगायला म्हटली तर? नेमकं काय चुकलं, हे दाखवायला?"

"तेवढ्यापुरती ओळ म्हटली तर चालतं. पण तेवढ्यापुरती म्हणजे नेमकी किती, हे विचारू नकोस. ते मलाही धड सांगता येणार नाही. शंका आली की त्यालाच विचारावं, हे बरं." शेकरूने एक पान दाताने तोडले आणि बेचक्यात दाबून बसवले. मग भृंगराजाकडे न पाहताच म्हणाले, "बाळा, तू इतका सगळ्यांना विचारत फिरतोस. ज्याला विचारायला हवं होतं, त्या एकालाच कसं विचारलं नाहीस?"

याचे उत्तर भृंगराजाकडे होते, पण ते सांगायला त्याला लाज वाटली. दयाळ 'नाही' म्हणेल, अशी त्याला भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळ्यावर गेला. पाणी आणखी खाली गेले होते, काठावर चिखल दिसत होता, तरी प्राणी तिथेच होते. चितळांचा कळपही होता. दयाळ आपल्या फांदीवर पाठ फिरवून बसला होता. भृंगराज सर्वांत खालच्या फांदीवर उतरला आणि म्हणाला, "मला सगळ्यांना दोन ओळी ऐकवायच्या आहेत."

त्याने आधी 'करवंद पिकलं, डोह संपला' ही ओळ म्हटली. आवाज थेट दयाळाचा होता. भेकरांनी चमकून वर पाहिले. "ही दयाळाची ओळ," भृंगराज म्हणाला. मग त्याने 'जांभूळ पिकलं, डोह संपला' असे म्हटले. "आणि ही मी केलेली. मला ऐकायला बरी वाटली म्हणून मी शब्द बदलला. त्याला न विचारता गाणं नेलं, न विचारता मोडलं, आणि वर त्याचं नाव लावलं. त्याचं कडवं जसंच्या तसं गायलो असतो, तर तुमची म्हातारी वाटेत बसली नसती."

मग म्होरकी हरिणी पुढे आली. "इतके दिवस गप्प का होतास?"

"मला कोणी दोष दिला नाही म्हणून."

हरिणीने त्याच्याकडे पाहिले. "तुला माफ करायला मला वेळ लागेल," ती म्हणाली. मग ती दयाळाच्या झाडाखाली गेली आणि मान खाली घालून उभी राहिली. म्हाताऱ्या रानडुकराने एकदा तळ्याकडे आणि एकदा दयाळाकडे पाहिले. "नदीकडे कधी उतरायचं, दयाळा?" त्याने विचारले.

"परवाच उतरायला हवं होतं," दयाळ म्हणाला. "पण आता निघालात तरी पोचाल." दुपारच्या आत तळे रिकामे झाले, आणि सगळे प्राणी धडपणे नदीकाठी पोचले.

ती रांग खाली जाताना भृंगराज पाहत राहिला. मग तो दयाळाजवळ गेला. "आता तरी विचारतो. यापुढे पश्चिमेकडे मी तुझं गाणं गाऊ का? जसंच्या तसं?"

"नाही," दयाळ म्हणाला.

"का?" भृंगराजाच्या तोंडून सवयीने निघून गेले.

"ते सांगायला मी बांधलेला नाही. पण विचारलंस म्हणून सांगतो. आज मला माझं गाणं तुझ्या गळ्यातून ऐकवणार नाही."

भृंगराजाला फार वाईट वाटले. पण परवानगी मागणे म्हणजे 'हो' बरोबर 'नाही'सुद्धा ऐकायची तयारी ठेवणे, हे त्याला आता कळत होते. तो परतला.

वर्षभर त्याने ते गाणे कोणापुढे म्हटले नाही. पश्चिमेकडच्या प्राण्यांना पाण्याची वाट हवी असे, तेव्हा तो साध्या बोलीत सांगे, 'उंबराच्या डावीकडून वर जा, काळा खडक लागेल, त्याच्या पोटात पाणी आहे.' त्यात सूर नव्हता, यमक नव्हते, आणि प्राणी निम्मे विसरून जात. कावळा त्याला हसे. "एवढं आयतं गाणं असताना कशाला घसा कोरडा करतोस?" पण भृंगराजाचे लक्ष दुसरीकडेच होते. रोज पाणवठ्यांवर जाता जाता त्याला एक नवे कोडे पडले होते. कोरड्या ओढ्यातल्या एकाच ठिकाणी मधमाश्या येऊन माती का चाटतात? त्याने तीन सकाळी तिथे बसून काढल्या. मग एका रानडुकराला तिथे उकरायला सांगितले. वीतभर खाली ओल होती, आणि थोड्या वेळाने खळग्यात पाणी झिरपले.

त्याला ही गोष्ट गाण्यात सांगावीशी वाटली. आजवर त्याने हजार आवाज काढले होते, पण स्वतःचे असे काहीच कधी रचले नव्हते. एक शब्द बसवला की दुसरा निसटे. सूर सापडे तो सुताराचा निघे, नाही तर बुलबुलाचा. पहिल्या दोन ओळींना त्याचा सबंध हिवाळा गेला. एकेका शब्दासाठी दयाळ चार चार दिवस गप्प का बसत असेल, हे कोणी न सांगता त्याला समजले. शेवटी ओळी झाल्या त्या अशा :

मधमाशी जिथे माती चाटते,
तिथे उकरा, ओल भेटते.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा दयाळाकडे गेला आणि त्याने पुन्हा तेच विचारले. दयाळाने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले. "चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

दोघे डोंगर ओलांडून उंबराखालच्या डोहाशी आले. काठाला करवंदाची जाळी होती आणि तिच्यावरची फळे हिरवट तांबूस झाली होती. दयाळ तिथे बसला. "रोज ये आणि पाहा." सात दिवसांत फळे काळीभोर झाली आणि त्याच दिवसांत डोहाचे पाणी घोट्याएवढे उरले. दयाळ म्हणाला, "फळ काळं झालं की इथं चार-पाच दिवसांचं पाणी असतं. हरणांना चढायला तेवढे दिवस पुरतात. जांभूळ पिकायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत."

"मला वाटलं होतं, कानाला बरा वाटला म्हणून तू तो शब्द घेतला असशील," भृंगराज म्हणाला.

"कानाला मलाही तो फारसा आवडत नाही. दुसरा पुष्कळ शोधला. मिळाला नाही." मग दयाळ म्हणाला, "आता गा तू. या उतारावर गा. शब्द हेच ठेव आणि नाव माझं सांग. आणखी कोणाला ते गायचं असेल, तर परस्पर हो म्हणू नकोस, माझ्याकडे पाठव."

"आणि एखादा शब्द खटकला तर?"

"तर मला विचारायला ये. मागच्या खेपेस आला असतास तर मी हा डोह तेव्हाच दाखवला असता."

त्या उन्हाळ्यात चितळांचा कळप करवंदे काळी होताच काळ्या कपारीकडे निघाला. वाटेत कोणीही बसले नाही. म्होरकी हरिणी भृंगराजाच्या झाडाखालून जाताना क्षणभर थांबली.

एके दिवशी दयाळ आपण होऊन भृंगराजाच्या झाडावर आला. तो असा कधीच येत नसे. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर तो म्हणाला, "मी एक नवं कडवं करतोय, कोरड्या ओढ्याचं. तुझ्या त्या मधमाशीच्या दोन ओळी त्यात फार छान बसतात. घेऊ का?"

भृंगराजाला वाटले, आपण नीट ऐकले नाही. आजवर त्याला कोणी काही मागितले नव्हते, कारण त्याच्याकडे स्वतःचे असे काही नव्हतेच. 'घे, विचारतोस काय,' असे शब्द ओठांवर आले होते. पण ते त्याने गिळले, कारण विचारणाऱ्याचा तो अपमान झाला असता.

"आधी मला म्हणून दाखव," तो म्हणाला.

दयाळाने शेपटी उभारली आणि ते कडवे म्हटले. दुसऱ्यांचे आवाज भृंगराजाने जन्मभर काढले होते. आपले शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"घे," तो म्हणाला.

तात्पर्य : ज्याची कृती, त्याला आधी विचारावे. नुसते नाव घेणे म्हणजे परवानगी नव्हे.